उशीला परका टाका

साहेब, तुम्ही रक्तातला आकडा पाहिलात, माणूस पाहिलाच नाहीत! खुर्चीतून न उठता तुम्ही सांगून मोकळे झालात, "सूज दाखवणारा आकडा खाली आहे. जंतूंचा संसर्ग नाही. दम्याचा पंप ओढायला लावा, घरी न्या." आणि दारात घुटमळणारी थोरली सून म्हणाली, "पण या खेपेचा खोकला वेगळा वाटतो हो...", तेव्हा तुम्ही हसलात. "वाटण्यावर औषध देत नसतात, बाई!"

तिनं सासऱ्याला घरी नेलं. आणि आता त्याच दवाखान्यात, नाकाला प्राणवायूची नळी लावलेला तो म्हातारा गादीवाला एकेका श्वासाला मोताद झाला होता. जन्मभर कापूस पिंजून छातीचं खोकं झालेलं. "मेल्यावर माझ्यातनंच दोन उशा भरा," असं हसत म्हणणारा माणूस! नव्या तपासणीत तोच आकडा आभाळाला भिडला होता. सुनेला एकच धास्ती... मामंजी गेले तर? ट्रक घेऊन दूर गेलेल्या नवऱ्याला काय तोंड दाखवायचं?

त्यात धाकटा दीर आला, तो भडकूनच.

"तेव्हा जंतू नव्हते, मग आता कुठून उपटले? बहिणीच्या बाळंतपणाला पळायचं होतं ना तुला, वहिनी? पिशवी भरून तयार होती म्हणे!"

"भावजी, असं नका हो बोलू..."

पिशवी भरली होती, हे खरंच होतं. पण मागच्या दुखण्यात याच म्हाताऱ्याच्या उशाशी बसून राहिल्यामुळे तिला स्वतःच्या आईचं शेवटचं दर्शनही झालं नव्हतं, हे कुणाला आठवत होतं? तिनं पदर डोळ्यांना लावला. डोळे मात्र ऐकेनात...

"ही मळकी उशी काढा आधी," परिचारिका म्हणाली. मामंजींनी घरून ती छातीशी कवटाळूनच आणली होती. सुनेनं ती ओढली आणि आत काहीतरी करकरलं.

तिनं शिवण पाहिली, ती तिची नव्हती! घरातली प्रत्येक उशी तिच्याच हातची, टाका मुंगीएवढा. हा टाका लांब, वाकडा, थरथरत्या हाताचा. तिनं दातांनी दोरा तोडला. कापसातून गोळ्यांच्या चुरगळलेल्या, रिकाम्या पट्ट्या निघाल्या. मागच्या दुखण्यातून उरलेली जंतूंवरची औषधं! लपवायचं ते कापसात लपवायचं, ही त्या घराची जुनीच खोड.

"मामंजी... हे काय केलंत?"

म्हाताऱ्यानं नळीआडून तिच्याकडे पाहिलं. "ताप... दिसला असता तर... तू थांबली असतीस, पोरी." श्वास तुटला, पुन्हा जुळला. "तुझी आई... माझ्यापायी... बहीण तरी भेटू दे म्हटलं... गोळ्या संपल्या... मग..."

परिचारिका पट्टी उलटीपालटी करून पुटपुटली, "अर्धवट औषधानं आकडा तेवढा खाली आला. जंतू आतच राहिले." आणि नवीन औषधासाठी ती धावली.

दीर भिंतीला टेकून उभा होता, चेहरा राखेसारखा. मग एकदम खाली बसून त्यानं वहिनीचे पाय धरले. "झडली का नाही माझी जीभ! वहिनी, तू जा बहिणीकडे. बाबांपाशी मी बसतो. आजवर बसायला हवं होतं मीच..."

"उठा भावजी. आत्ता मला कुठं जाववणार आहे?" तिनं त्याचं डोकं थोपटलं. खाटेवर म्हाताऱ्याची छाती भात्यासारखी हलत होती. पुढचा श्वास येईल ना, या भीतीनं दोघंही तिकडे कान लावून होती...

मग त्या पट्ट्या मुठीत घेऊन ती उठली आणि तुमच्या दारात येऊन उभी राहिली, साहेब.

"आमचा म्हातारा खोटं वागला, डॉक्टर. मीही घरात असून आंधळी राहिले. आमचं चुकलं, कबूल करते. पण रक्त काढण्याआधी, 'बाबा, घरी काही गोळ्या घेतल्यात का?' एवढं तुम्ही विचारलंत का हो? मान खाली घालू नका. विचारलंत का, सांगा!"