एक्क्याण्णव की सत्त्याण्णव?

मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी तो चुकीच्या रांगेत शिरला.

पेट्रोल पंपावर रांगा दोनच. एक्क्याण्णव ऑक्टेनच्या पेट्रोलची लांबलचक, तिथे टाक्या भरायला मामा. मामा तिथल्या कुणाचेच मामा नव्हते, पण सगळे त्यांना मामाच म्हणत. दुसरी महागड्या सत्त्याण्णवची, आखूड, तिथे ती. तिच्याकडे यायच्या त्या चकचकीत, दणकट गाड्या. त्यांच्यात त्याची जुनी निळी मोटरसायकल म्हणजे पैलवानांच्या ओळीत उभं राहिलेलं काटकुळं पोर.

“सत्त्याण्णव. टाकी फुल.”

“हिला?”

“हिलाच. का, हिला पचणार नाही?”

तो हसला. खळी पडली, तीही एकाच गालावर. तिने घाईघाईने टाकीचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरं होती : ऑक्टेन ९१. म्हणजे मामांची रांग. ती सांगणार, तेवढ्यात तोच म्हणाला, “तुमच्या चष्म्याची डावी काडी वाकलीय. म्हणून तुम्ही सारखं नाक वर करता.”

“माझ्या नाकाशी तुम्हाला काय करायचंय?”

“कामच आहे माझं. चौकातल्या चष्म्याच्या दुकानात असतो. द्या इकडे.”

त्याने काडी सरळ केली, भिंगांवर फुंकर घातली, सदऱ्याच्या टोकाने पुसली. तिने चष्मा लावला. जग सरळ झालं होतं… आणि त्या जगाच्या मधोमध हा उभा होता. एक्क्याण्णवचं वाक्य राहूनच गेलं.

पुढच्या वेळी सांगू, असं तिने ठरवलं.

तो चष्मे घरपोच द्यायला गावभर हिंडायचा. त्यामुळे मंगळवारी आणि शुक्रवारी हजर.

“आज काय म्हणते स्वारी?” ती विचारायची.

“उतारावर पळते, चढावर रुसते.”

“माणसासारखीच आहे की.”

“कुठल्या माणसासारखी — मी ओळखतो का त्या माणसाला?”

“गाडी पुढे घ्या. मागे लोक खोळंबलेत.”

मागे कुणीही नसायचं.

मामांच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं. “त्या गाडीला एक्क्याण्णव लागतं,” एक दिवस ते हात पुसत म्हणाले. “सांगितलंस का त्याला?”

“सांगेन, मामा.”

“सांग बाई. पण मग तो माझ्याकडे येईल. आणि मला काही चष्मा नाही.”

तिचा चेहरा लाल झाला. म्हातारा नेमकं तेच बोलला होता. खरं सांगायला एक वाक्य पुरे होतं. पण तेच वाक्य त्याला उचलून पलीकडच्या रांगेत नेऊन ठेवणार होतं. मग उरलं काय? लांबून दिसणारं हेल्मेट. दर वेळी ती ठरवायची, दर वेळी तो काहीतरी बोलायचा, आणि दर वेळी ती हसून सत्त्याण्णवची नळी टाकीत घालायची.

चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी मात्र तो हसलाच नाही.

“भरा. आता शेवटचंच.”

“म्हणजे?”

“विकतोय हिला. गिऱ्हाईक बघून गेलं काल.” त्याने टाकीवरून हात फिरवला. “दादाची गाडी. परगावी जाताना म्हणाला होता, हिला कधी हलकं पाजू नकोस. मी ऐकलं. पण हिचं पोट भरता भरता माझं उपाशी राहायला लागलंय.”

तिने नळी परत खाचेत अडकवली, झाकण उलटं केलं आणि त्याच्यासमोर धरलं.

“वाचा.”

“काय?”

“दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावता ना? ही वाचा.”

तो वाकला. “ऑक्टेन… एक्क्याण्णव.” त्याने मान वर केली. “पण सत्त्याण्णव जास्त चांगलं ना?”

“ऑक्टेन म्हणजे ताकद नाही हो. इंजिनात पेट्रोल दाबलं जातं. तो दाब सोसून ते वेळेआधी पेटू नये, एवढ्यासाठी तो आकडा. मोठ्या गाड्यांमध्ये दाब जास्त, त्यांना हलकं दिलं की इंजिन आतून टकटक करतं. तुमच्या गाडीचा दाब कमी. सत्त्याण्णव पाजून ती ना जास्त पळते, ना जास्त टिकते. धडधाकट डोळ्यांच्या माणसाला तुम्ही जाड भिंगं विकता का?”

“नाही.”

“मग? एक्क्याण्णव हलकं नाही. ते हिच्या मापाचं आहे. विकू नका हिला.”

त्याने बोटांवर महिन्याचा हिशेब मांडला. मग हळूच म्हणाला, “तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“आणि सांगितलं नाहीत?”

“नाही.”

“मी गाडी विकायला निघालो… तरी?”

“ते आत्ता कळलं. आत्ताच सांगितलं.”

“पण आधी का नाही?”

विसरले, असं म्हणता आलं असतं. मालकाने सांगितलंय, असंही म्हणता आलं असतं. पलीकडे मामांनी नको तितकं मन लावून एका टाकीत पेट्रोल सोडायला सुरुवात केली होती.

“सांगितलं असतं,” ती म्हणाली, “तर तुम्ही त्या रांगेत गेला असतात.”

त्याने त्या रांगेकडे पाहिलं. मग तिच्याकडे. त्याने झाकण लावलं आणि गाडी ढकलत मामांच्या रांगेच्या शेवटी नेऊन उभी केली.

संपलं, ती मनाशी म्हणाली. पुढच्या गाडीवाल्याने दोनदा हाक मारल्यावर तिला ऐकू गेलं. तिने त्याची टाकी भरली, वळली — तर तो समोर उभा.

“गाडी?”

“रांगेत आहे. पुढे अकरा जण आहेत.” त्याच्या ओठांच्या कडा हलायला लागल्या. “वीस मिनिटं तरी लागतील म्हणतात. तुमच्या रांगेत मला कधी तीन मिनिटं मिळाली नाहीत. भलतंच नुकसान केलंत माझं.”

“रागावला नाहीत?”

“रागावलोय ना. वीस मिनिटं रागावणार आहे, इथेच उभा राहून. तुमची सुट्टी कधी होते?”

“चारला… का?”

“टाकी भरलेली असेल. नदीपर्यंत जाऊन येऊ. मागे बसाल?”

तिने रांगेतल्या निळ्या गाडीकडे पाहिलं.

“मागे नाही बसणार.”

“मग?”

“चालवणार मी. इतके दिवस तिचं जेवण मी वाढलंय, हक्क आहे माझा.”

“अहो चष्मेवाले!” मामा ओरडले. “रांग सरकली! प्रेम नंतर करा, गाडी पुढे घ्या!”

रांगेतले चारपाच जण वळून हसले. त्याने खिशातून किल्ली काढली, तिच्या तळहातावर ठेवली, तिची बोटं मिटवली आणि तो गाडी हाताने ढकलायला पळाला.