पेली नाल्यावरचं मिसिंग

बेरिल पेनहेलची गाडी महिन्याभरात तिसऱ्यांदा परत आली, तेव्हा मर्व ट्रेझाइझ वैतागला नाही, मनातून खूशच झाला. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात, मारी गावाच्या वरच्या अंगाला पेट्रोल पंप, दुकान आणि गॅरेज असा तिहेरी संसार तो बत्तीस वर्षं एकट्यानं ओढत होता, आणि त्यातली निम्मी वर्षं पंक्चर काढण्यातच गेली होती. चकवणारं इंजिन त्याच्या वाट्याला क्वचित यायचं.

"पुन्हा मिसिंग? इंजिन ठोका चुकवतंय?"

"पुन्हा. तिथंच." बेरिल दार आपटून खाली उतरली. "तू मेकॅनिक आहेस की नुसताच तेलकट?"

गाडी १९८३ची, पेट्रोलवर चालणारी, सहा सिलिंडरची फोर-व्हील. पंपापासून बेरिलच्या फाटकापर्यंत चौऱ्याऐंशी किलोमीटर कच्चा रस्ता, आणि फाटकाशी तो संपायचा. वाटेत दुसरं घर नाही. दीड महिन्यापूर्वी तिचा नवरा आल्फ गेला आणि एकाहत्तर वर्षांची बेरिल त्या रस्त्याच्या टोकाला एकटी उरली. जानेवारी म्हणजे तिकडचा ऐन उन्हाळा; त्या उन्हात गाडी बंद पडली, तर शेजारी उभा राहिलेला माणूस संध्याकाळ बघत नाही. म्हणूनच पोर्ट ऑगस्टा शहरात नर्स असलेल्या तिच्या लेकीनं, लिनेटनं, निक्षून सांगितलं होतं: शनिवारी येते, घरापासून पंपापर्यंत गाडी मी स्वतः चालवते. एकदा जरी अडखळली, तरी सामान बांधायचं.

"ती बोलते तसं करते," बेरिल म्हणाली. "आल्फवर गेलीय मेली. मला तिथून हलायचं नाही, मर्व. माझं सगळं तिथं आहे."

मर्वनं मान हलवली. गुरुवार उजाडला होता.

चौथा सिलिंडर पेटत नव्हता, एवढं पहिल्याच खेपेला कळलं होतं. पाच प्लग कोरडे, विटकरी. चौथा ओला आणि काळा. त्यानं चौथ्याचा प्लग दुसऱ्याला लावून पाहिला. दुखणं चौथ्यातच राहिलं. वायर बदलली, डिस्ट्रिब्यूटरची टोपी उन्हात धरून तडा शोधला, पॉइंट घासले, टॅपेट लावले, दाब मोजला. सहाही सारखे. शेडमध्ये इंजिन तासभर चालवलं तर जराही कुरकुर नाही. आणि एक विचित्र गोष्ट होती. घरी जाताना गाडी कधीच अडखळायची नाही. फक्त पंपाकडे येताना, कोरड्या पेली नाल्याच्या वळणावर, अर्धा किलोमीटर.

"दुखणं रस्त्यावर येतं, तर वैद्यानंही रस्त्यावर जावं," असं म्हणून त्यानं दुकानाला कुलूप घातलं आणि तो बेरिलबरोबर निघाला.

घरापर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. चहा पिऊन दोघं परत फिरले, बेरिल चालवत होती. नाल्याचं वळण आलं, आणि आवाजातला एक ठोका गळाला. गाडी थरथरू लागली.

"थांब. बंद करू नकोस."

त्यानं बॉनेट उघडलं. चौथ्याची वायर काढून जवळ धरली. लख्ख निळी ठिणगी पडत होती. पेट्रोल येत होतं. ठिणगी, पेट्रोल, हवा, दाब, सगळं जागच्या जागी होतं, आणि चौथा सिलिंडर ढिम्म. बत्तीस वर्षांत असं त्यानं पाहिलं नव्हतं. हे कळल्याशिवाय आता त्याला झोप लागणार नव्हती.

पुढे गेल्यावर गाडी आपोआप सुधारली. ते मागे फिरले, पुन्हा आले. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मर्वनं स्टिअरिंग घेतलं. सगळं लक्ष कानात एकवटलं होतं, हात आपले सवयीनं चालत होते. वळणावर त्याची उजवी तर्जनी स्टिअरिंगवरून इंचभर वर उठली आणि खाली बसली.

गाडी अडखळली नाही.

"कुणाला बोट केलंस?" बेरिलनं विचारलं.

त्या मुलुखात समोरून गाडी आली की चालवणारा स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. ओळख असो नसो. जो उचलत नाही त्याला शहरी म्हणतात, आणि त्याहून वाईट शिवी तिथं फारशी नाही. पण रस्ता तर आरपार मोकळा होता.

"कुणालाच नाही," मर्व म्हणाला. "हात चुकला."

बेरिलनं मागे वळून वळणाकडे पाहिलं. "आल्फ इथंच करायचा. इकडे येताना दर वेळी, घरी जाताना कधीच नाही. मी चिडवायची, म्हातारा झाडाझुडपांना सलाम ठोकतो म्हणून."

"आणि तो काय म्हणायचा?"

"म्हणायचा, समोरच्यानं केल्यावर आपण नको करायला?"

मर्वनं हॉर्नची वायर तोडली, स्टिअरिंगखालचे सगळे जोड हलवून पाहिले. मग ऊन कलेपर्यंत नऊ खेपा केल्या. बोट केलं की गाडी सरळ. नाही केलं की चौथा गेला. शंभर मीटर आधी केलं तर उपयोग नाही. बाजूला बसलेल्यानं केलं तरी नाही. जो चालवतो त्यानंच, आणि वळणावरच.

"लिनेटला सांगून टाकू," तो म्हणाला. "नुसतं बोट तर करायचंय."

"खबरदार! आई भ्रमिष्ट झाली म्हणेल. मग गाडी राहील इथं आणि मलाच उचलून नेईल."

शनिवारी सकाळी लिनेट आली ती सरळ पंपावर. "चल मर्व, बस माझ्या गाडीत. तू केलेलं काम तुझ्यादेखतच तपासते." घरी पोचल्यावर तिनं उभ्या उभ्या चहा घेतला, स्वतःची गाडी तिथं ठेवली आणि आईच्या गाडीची किल्ली उचलली. बेरिल तिच्या शेजारी बसली, मर्व मागे.

लिनेट शहरात गाडी शिकलेली. दोन्ही मुठी स्टिअरिंगवर घट्ट आवळलेल्या. मर्वला तिच्या बोटांचे सांधे पांढरे झालेले दिसत होते.

नाला जवळ आला. बेरिलनं मांडीवरची पिशवी मुठीत धरली.

मर्व ठोके ऐकत होता. सहाही पडत होते.

वळण.

रस्ता मोकळा होता. त्यानं नीट पाहिलं, कारण नंतर स्वतःला सांगता यायला हवं होतं. तांबडी माती, खुरटी झुडपं, आणि पलीकडच्या चढापर्यंत काहीही नाही.

लिनेटचं बोट वर उठलं.

इंजिन एकसारखं चालत राहिलं.

दोनेक किलोमीटर गेल्यावर लिनेटच हसली. "बघ, विसरले नाही अजून. बाबांनी शिकवलंय. पण त्यानं आधी केलं म्हणून हं, नाहीतर मी राहिलेच होते."

"कुणी गं?" बेरिलचा आवाज अगदी साधा होता.

"अगं, आत्ता वळणावर गाडी गेली ना? माणसं खच्चून भरलेली. मागच्या सीटवरच्या बाईनं तर वाकून आत बघितलं, तू आहेस का ते." तिनं मान हलवली. "मी इतके दिवस समजत होते तू तिथं एकटी आहेस. हा रस्ता तुझ्याच फाटकाशी संपतो, म्हणजे तुझ्याकडेच चाललेत. आधी सांगायचंस ना, आई! एवढं येणं-जाणं असेल तर कशाला मी उगाच जीव टांगणीला लावू? राहा बाई तू. गाडीही छान चालतेय."

मर्वनं मागच्या काचेतून पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या गाडीची धूळ तेवढी खाली बसत होती.

पंपावर लिनेट टाकी भरायला थांबली. अर्ध्या तासात दोघी घरी निघणार होत्या. बेरिल दुकानात आली. तिला आनंद झाला होता, तो लपत नव्हता, आणि तरी ती उभी होती काउंटरची कड धरून. मर्वला कधीपासून एकच गोष्ट छळत होती. मिसिंग व्हायचं ते नेहमी इकडे येताना. म्हणजे समोरून येणारे नेहमी घराकडे जाणारे. घराकडून परतणारं कुणी, इतक्या वर्षांत, एकदाही नाही.

"बेरिल," तो हळूच म्हणाला, "आल्फ असताना घरात कधी काही..."

"घर मोठं आहे, मर्व," तिनं त्याला पुरं बोलू दिलं नाही. काचेतून तिनं एकदा लेकीकडे पाहिलं. दर शनिवारी ती एक पाव आणि एक दुधाची बाटली न्यायची. "पाव किती आहेत रे तुझ्याकडे?"

"अकरा."

"सगळे दे," बेरिल म्हणाली.