एका नावाचे दोन हुकूम

अकोल्यातलं आमचं ऑफिस म्हणजे दोन टेबलं आणि एक खडखडणारा कूलर. माती तपासणाऱ्या प्रयोगशाळांचं कॉम्प्युटरचं काम आम्ही करायचो. आम्ही म्हणजे मी नितेश आणि मूर्तिजापूरहून रोज गाडीने येणारी दामिनी. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप केला की काम व्हायचं. तिच्या हुकमाचं नाव 'काढ'. शेतकऱ्याचं नाव दिलं की तो अहवाल काढून द्यायचा. मी जुन्या नोंदी पुसणारा हुकूम लिहिला आणि त्यालाही 'काढ'च म्हटलं. काढून टाकणारा, म्हणून.

"दोघायचं एकच नाव काहून, नितेशभाऊ? तुमचं बदला."

एका नावाचे दोन हुकूम असले की यंत्र आधी सापडेल तो चालवतं. मी माझा आधी सापडेल असा लावला. खुन्नसच म्हणा. तिवस्याला बाबा गावभर सांगत, "पोरानं नाव काढलं!" आणि इथे ऑफिसचे मालक भगवंतरावसाहेब यांच्या तोंडी सदा दामिनी.

सोमवारी तिने सवयीने 'काढ' टाइप केलं. चौदाशे शेतकऱ्यांच्या नोंदी पुसल्या गेल्या. भगवंतरावसाहेबांनी तिला तासाभरात घरी पाठवलं. मी मूग गिळून बसलो.

दारात थांबून ती म्हणाली, "तुमचं नाव काढीन मी."

चुगली करेल, असं वाटलं. तिने कुणाला काहीच सांगितलं नाही.

मी तिचं फोल्डर, त्यातल्या तिच्या 'काढ'सकट, पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी माझा 'काढ' चालवला, तर अहवाल छापून आला. वर शेतकऱ्याच्या जागी माझं नाव, खाली एकच शब्द: 'काढलं'. कुठला 'काढ' चालला, असं यंत्राला विचारलं. दामिनीच्या फोल्डरातला, म्हणालं. ते फोल्डर तर नव्हतंच.

दुपारी बँकेचा मेसेज आला. 'प्रिय'च्या पुढे कोरी जागा.

हजेरीचं यंत्र अंगठा घेईना.

मी घाबरलो. साहेबांपुढे जाऊन कबूल केलं, "चूक माझी होती. दामिनीची नाही."

त्यांनी चष्मा वर केला. "तुमी कोन जी?"

दामिनीला फोन लावला. "ओळखलं ना मला?"

"तुमाले मी विसरीन काय, नितेशभाऊ?" तिने फोन ठेवला.

मिळेल ती बस धरून तिवसा गाठलं. बाबा अंगणात तूर पाखडत होते. त्यांनी मला निरखून पाहिलं आणि खुर्ची पुढे केली.

"बसा. कोनाकडे आले?"

आतून आईने विचारलं, "कोन आलं जी?"

"कोनी नाही वं," बाबा म्हणाले.