तातींवर ठेवलेला हात

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दिवा थोडा इकडे सरकवा, पण वात वाढवू नका. मूल जागं होईल.

आमच्या व्हेनिसात मोठी साथ आली, त्याच्या आदल्या हिवाळ्यातली ही गोष्ट. माझा नवरा बास्तियान ल्यूट बनवतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून, चिकटवून तो त्या तंतुवाद्याचं गोल पोट उभं करतो, आणि मी ताती पारखते. मेंढीच्या आतड्याची तात दोन्ही हातांत ताणून धरायची, अंगठ्यानं छेडायची आणि उजेडात बघायची. तात खरी असेल तर थरथरताना तिच्या दोनच स्वच्छ रेषा दिसतात. मधे तिसरी रेषा दिसली की ती तात खोटी. टाकून द्यायची.

आमच्या दुकानात आणखी एक गोष्ट पाळतात. ल्यूटवर सुरू केलेली धून अर्ध्यावर सोडायची नाही. एखादं गिऱ्हाईक वाद्य पारखायला घेतं, थोडं वाजवतं आणि मधेच खाली ठेवतं. मग बास्तियान हातातला रंधा टाकून धावतो, ती ल्यूट उचलतो आणि शेवटचे तीन-चार सूर वाजवून धून मिटवतो. गिऱ्हाइकं हसतात. लग्न होऊन आले तेव्हा मीही हसले होते.

"ऐकणारा माणूस धुनेबरोबर जातो," बास्तियान म्हणाला होता. "वाजवणाऱ्यानं त्याला परत आणून सोडायचं असतं. होडीवाला मधल्या पाण्यात वल्हं टाकून देतो का?"

"आणि दिलं टाकून, तर?"

"तर काय, ते माझ्या बापानंही सांगितलं नाही. पण तो धावायचा."

त्या गुरुवारी दुपारी बास्तियाननं मला सिल्वेस्त्रो मास्तरांची ल्यूट पोचवायला पाठवलं. तिच्या पोटाचा एक सांधा उकलला होता, तो त्यानं बसवला होता आणि ताती मी नव्या चढवल्या होत्या. एका खांद्याला ल्यूटची पेटी, दुसऱ्या हातावर झोर्झी. झोर्झी तेव्हा नऊ महिन्यांचा, आणि भयंकर रडका. कालव्याच्या पलीकडचा होडीवाला मला बघून ओरडायचा, "आली बघा ओर्सोला, घंटा घेऊन!" आणि सासूबाई म्हणायच्या, "घरात एवढी वाद्यं सुरात लागतात, हे एक काही लागत नाही."

मला मात्र त्याचं रडणं हवंसं वाटायचं. झोर्झीच्या आधी मला एक मुलगी झाली होती. अंझोला. ती कधी रडायचीच नाही. सगळे म्हणायचे, किती गुणाची आहे. चाळिसाव्या दिवशी सकाळी मी तिला डाव्या हातावर घेऊन बसले होते, आणि किती वेळ बसले होते कोण जाणे, पण सासूबाईंनी येऊन तिला माझ्या हातातून काढून घेतलं तेव्हाच मला ती गेल्याचं कळलं. माझ्या डाव्या बाजूचं दूध तेव्हाच आटलं. झोर्झी फक्त उजवीकडे प्यायला. आणि मला सवय लागली, घडीघडीला त्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची.

त्या दिवशी खाडीवरून धुकं आलेलं. पूल चढताना पुलाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. ओल्या दगडाचा आणि शेवाळाचा वास येत होता. मास्तरांच्या मोलकरणीनं, मेनेगानं, दार उघडलं.

"ये गं बाई. ल्यूट आणलीस? म्हणजे आता माझी मटाराची पेज गार होणार. हे जेवायच्या आधी सूर लावायला बसतात, आणि सूर लागेपर्यंत मी म्हातारी होते."

"म्हातारी तू आधीच झालीस," आतून मास्तर म्हणाले. "आण गं पोरी, बघू."

मास्तरांचं वय सत्तरीच्या पुढचं. एके काळी मोठमोठ्या घरांतल्या मेजवान्यांत ते वाजवायचे. लोक सांगत, ते वाजवायला लागले की जेवणाऱ्यांचे घास हातातच राहायचे. मी ते कधी ऐकलेलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला फार उत्सुकता होती. म्हणून त्यांनी ल्यूट मांडीवर घेतल्यावर मी निघाले नाही. झोर्झी कोकलत होता. मास्तरांनी खुंट्या पिळल्या, कान लावला, पुन्हा पिळल्या. मग सहज, काही विचार करत असल्यासारखे तीन सूर छेडले.

ल्यूटचा आवाज मोठा नसतो. शेजारच्या खोलीत भांडं पडलं तरी तो बुडून जातो. म्हणून ऐकणारा आपणहून श्वास धरतो, पुढे झुकतो, आणि तिथंच फसतो. प्रत्येक सूर उमटता उमटता विरत होता, आणि तो पुरता विरायच्या आत दुसरा येऊन त्याचा हात धरत होता. मेनेगा हातात पळी घेऊन दारात उभी होती. पळीतून पेज खाली ठिबकत होती आणि तिच्या गालावरून पाणी. झोर्झी गप्प झाला.

मग मला वास आला. कोमट दूध आणि उन्हात वाळलेलं कापड. अंझोलाच्या टाळूचा वास. झोर्झी माझ्या उजव्या हातावर होता, आणि डावा हात, जो रिकामा होता, तो हळूहळू जड झाला. मी घाबरले नाही. मला तर आणखी थोडं पुढे जाऊन बघायचं होतं...

आणि तेवढ्यात माझं लक्ष झोर्झीकडे गेलं. तो एकटक समोर बघत होता. शांत. अगदी तिच्यासारखा शांत.

मी दोन पावलं पुढे झाले आणि तळहात तातींवर ठेवला.

दुकानात दिवसातून शंभरदा मी हेच करते. तात छेडायची, बघायची, तळहातानं गप्प करायची. हाताला ती सवयच आहे. पण धून चालू असताना कुणी असं करत नाही.

धून तिथंच तुटली.

"काय केलंस तू, पोरी?" मास्तर अगदी हळू म्हणाले.

त्यांनी घाईनं काही सूर लावून धून मिटवली. मेनेगा दचकली, पळीकडे बघून म्हणाली, "अगं बाई, माझी पेज!" माझा डावा हात हलका झाला. झोर्झी मात्र तसाच राहिला. उजव्या हाताची मूठ आवळलेली, डोळे कुठेतरी दूर.

"पुन्हा वाजवा ना," मी म्हटलं. "जिथे थांबलात तिथून."

"ती काही पाठ केलेली धून नव्हती. माझ्याच बोटांच्या मागून मी चाललो होतो." त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. "आता रस्ता आठवत नाही."

घरी सगळे खूश. झोर्झी रडत नव्हता. भरवलं तर गिळत होता, झोपवलं तर झोपत होता. शेजारणी येऊन बघून गेल्या. सासूबाई म्हणाल्या, "लागलं बाई शेवटी सुरात!" मी नाकाखाली बोट धरायची. श्वास येत होता, पण रिकाम्या घरात खिडकीच्या फटीतून वारा यावा तसा. चौथ्या दिवशी मी बास्तियानला सगळं सांगितलं.

"तू हात ठेवलास?" त्याचा चेहरा पांढरा पडला. "चालू असताना?"

"मला वाटलं, हा पण..."

तो ओरडला नाही. मग भिंतीवरची एक जुनी ल्यूट काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "मला काही सुचत नाही, ओर्सोला. पण ही तुझ्या हाताशी राहू दे."

सुचलं ते अचानक. दुसऱ्या दिवशी मी कामाला बसले होते. झोर्झी मांडीवर, त्याच्या मुठीत माझी करंगळी. मी एक तात ताणून छेडली आणि माझी करंगळी आवळली गेली.

मी पुन्हा छेडली. पुन्हा आवळली. दुसरी तात घेतली, काही नाही. तिसरी, काही नाही.

मी ती जुनी ल्यूट जवळ ओढली. मला वाजवता येत नाही, पण ल्यूटची धून कागदावर कशी उतरवतात ते दुकानात बघून माहीत होतं. सहा तातींच्या सहा रेघा, आणि ल्यूटच्या मानेवर आडव्या बांधलेल्या पडद्यांपैकी कुठल्यावर बोट ठेवायचं त्याचा आकडा. एवढंच. बास्तियाननं झोर्झीला धरलं, त्याच्या मुठीत आपलं बोट दिलं, आणि मी एकेक तात, एकेक पडदा छेडत गेले.

"आवळली?"

"नाही."

"आता?"

"नाही... थांब. हो. हो, आवळली!"

एक आकडा. मग त्याच्या पुढचा सूर शोधायचा. कधी लगेच सापडायचा, कधी दुपार जायची. पहिला सूर चुकला की दुसरा बरोबर असूनही मूठ ढिम्म राहायची, म्हणून प्रत्येक वेळी पहिल्यापासून यायचं. सासूबाई म्हणाल्या, "दोघांना वेड लागलंय." मग एका दुपारी बास्तियान कामात होता म्हणून त्यांनीच बोट दिलं. मूठ आवळली, आणि त्यानंतर त्या रोज आपणहून येऊन बसायला लागल्या.

सात दिवसांत सत्तेचाळीस आकडे झाले. सत्तेचाळिसाव्यानंतर कुठलाही सूर छेडला तरी मूठ हलेना. मला वाटलं, रस्ता इथवरच आहे.

मी कागद घेऊन मास्तरांकडे गेले. पुन्हा धुकं होतं. मास्तरांनी कागद खिडकीशी धरून वाचला. त्यांचे ओठ हलत होते.

"हो," ते म्हणाले. "इकडेच चाललो होतो मी. वरच्या सुरांचा पदर तू आणलास. खालचा मी भरतो." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एक विचारतो. त्या दिवशी या धुनेबरोबर कोण कोण गेलं होतं?"

"मेनेगा. मी. आणि झोर्झी."

"आणखी कुणी?"

मी माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"मी कुणाला वेचून आणू शकत नाही, पोरी. धून मिटते तेव्हा तिच्यात जे कुणी असतं, ते सगळंच काठाला लागतं. वाजवू?"

झोर्झी माझ्या उजव्या हातावर होता. डोळे कुठेतरी दूर. मी म्हटलं, "वाजवा."

त्यांनी वाजवलं. ते कसं होतं ते मला सांगता येणार नाही. मी पूर्ण वेळ फक्त त्याची मूठ बघत होते. एकेका सुराला एकेक बोट सुटत होतं. मेनेगानं या खेपेला पळी खाली ठेवली होती आणि दोन्ही हातांनी दाराची चौकट घट्ट धरली होती. तो वास आला. मी पुढे झुकले नाही. डावा हात पाठीमागे घेऊन कमरपट्ट्याची गाठ पकडून ठेवली. सत्तेचाळिसावा सूर झाला. मास्तरांनी खालचे जाड सूर लावून धून मिटवली, आणि तळहात तातींवर न ठेवता त्या आपोआप गप्प होईपर्यंत थांबले.

झोर्झी रडला.

काय रडला! तोंड लालबुंद, पाय झाडत, माझ्या छातीवर गुद्दे मारत. मेनेगा रडत हसत म्हणाली, "घे, आली तुझी घंटा परत!" मी त्याचं तोंड, कान, केस चुंबत होते. आणि माझा कान, त्याला पारखायची सवयच आहे, तो पारखत होता. झोर्झीचं रडणं मला ठाऊक आहे. जाड, भसाडं. त्याच्या खाली, अगदी बारीक, आणखी काहीतरी होतं. रडणं कसं असतं ते नुकतंच कळल्यासारखं.

मी मास्तरांकडे पाहिलं. ते ल्यूट पेटीत ठेवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

घरी जाताना मी पूल हळूहळू चढले. झोर्झी उजव्या खांद्यावर झोपला होता. चोळीची डावी बाजू ओली लागत होती. मला वाटलं धुक्यानं. मग कोमट दुधाचा वास आला.

दारात सासूबाई वाट बघत उभ्या होत्या. झोर्झीला पाहून त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली, देवाचं नाव घेतलं. मग म्हणाल्या, "अगं, इतकी जपून का चालतेस? एकच तर पोर आहे हातावर."

"हो," मी म्हटलं. पण डावा हात खाली सोडला नाही.