चाचांची होडी कोण सोडतं?

"होडी चालली!" शिवू धक्क्यावरून ओरडला.

रिकामी होडी ओहोटीच्या पाण्याबरोबर खाडीच्या तोंडाकडे निघाली होती. रहिमतुल्लाचाचा घरातून धावत आले, पण सत्तरीचा माणूस धावून किती धावणार? शेवटी बंदरातल्याच गुफरानने आपल्या इंजिनाच्या बोटीने ती ओढून आणली. आठवड्यातली ही तिसरी वेळ होती, आणि तिन्ही वेळा दुपारची. या वेळी होडी खडकावर आपटून तिची एक फळी फुटली होती.

मुबीन, रुपाली आणि तिचा धाकटा भाऊ शिवू ही सोलापूरची मुलं. दिवाळीच्या सुट्टीत ती आगरबंदरला, मुबीनच्या मावशीकडे, मारियाखालाकडे आली होती. समुद्र त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. उतरती कौलं, रंगीत होड्या, दोरीवर वाळणारी मासळी, सगळंच नवं. पाण्यात एवढं मीठ कुणी टाकलं, असं शिवूने विचारलं, तेव्हा मुबीन दोन दिवस हसत होता.

रहिमतुल्लाचाचा हे मारियाखालाचे सासरे. चाळीस वर्षं ते लोकांना होडीतून खाडीपलीकडे सोडत होते. होडीवर पांढऱ्या अक्षरांत 'झीनत' लिहिलं होतं. झीनत त्यांची बायको. ती मागच्या वर्षी गेली. कबरस्तान पलीकडच्या काठावर होतं. सकाळची पहिली फेरी झाली की चाचा तिथे थोडा वेळ बसून येत.

त्या संध्याकाळी मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष जोतिराम घरी आले. चाचांचं वय झालं, दोर झिजलेला दिसत नाही, उद्या माणसं घेऊन होडी सुटली तर काय, असं ते म्हणाले. सोमवारपासून फेरी दुसऱ्याला द्यायचं ठरलं होतं.

ते गेल्यावर चाचा दारात येऊन खाडीपलीकडे बघू लागले. मग म्हणाले, "म्हणजे आता दुसऱ्याच्या होडीत बसून जायचं तिच्याकडे."



दुसऱ्या दिवशी शनिवार. मुलं सकाळीच धक्क्यावर गेली. फळी बसेपर्यंत होडी वाळूवर ओढून ठेवली होती. मुबीनचा संशय गुफरानवर होता. चाचांची फेरी बंद झाली तर ती त्यालाच मिळणार, असं त्याचं म्हणणं. रुपालीचं लक्ष मात्र खुंटाला राहिलेल्या दोराच्या तुकड्याकडे होतं.

"सुरीनं कापला असता तर टोक सरळ आलं असतं," ती म्हणाली. "ह्ये बघ, चघळून चघळून पिंजलंय. ह्ये शेळीचं काम हाय."

"शेळी दोर खाते? तुमच्या सांगोल्याची असेल."

"दोर न्हाय खात, मीठ खाती. सांगोल्याला आमचे आजोबा मेंढरांना मिठाचा खडा चाटायला ठेवतात की. ह्यो सुती दोर रोज खाऱ्या पाण्यात भिजतोय."

मुबीनचं हसू थांबलं. धक्क्याजवळ शेळ्या फक्त जोतिरामकाकांच्या होत्या. मुलांनी त्यांना जाऊन विचारलं. फोनमधून मान वर न करता ते म्हणाले, शेळ्या दुपारभर कोंडलेल्या असतात, तुम्ही जाऊन वाळूत किल्ले करा.

फोटो काढावा, असं मुबीनला वाटलं. पण सगळ्या शेळ्या दिसायला सारख्याच, ते दुसऱ्याच्या म्हणतील, असं रुपाली म्हणाली. तिने दुकानातून गेरू आणला. खुंटावरचा दोर समुद्राच्या पाण्यात भिजवून त्याला गेरू फासला. दुपारी सगळं बंदर जेवून झोपलं, तेव्हा तिघं एका उपड्या होडीमागे दबा धरून बसली.

अर्ध्या तासात जोतिरामांच्या फाटकातून तीन शेळ्या सावकाश बाहेर आल्या. रोजची वाट असावी तशा त्या थेट खुंटाकडे गेल्या आणि दोर चाटायला लागल्या. मग चघळायला.

संध्याकाळी सोसायटीच्या शेडमध्ये माणसं जमली होती. रुपालीने दोराला गेरू फासल्याचं सांगितलं आणि सगळ्यांसमोर जोतिरामकाकांना शेळ्या दाखवायची विनंती केली. ते वैतागले, पण उठले. गोठ्याचं दार उघडलं, तर तिन्ही शेळ्यांची तोंडं पान खाल्ल्यासारखी लाल.

"महिनाभर सांगतेय, कडी मोडलीय म्हणून," आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला.

माणसं हसू लागली. जोतिरामांना मात्र हसू आलं नाही. ते चाचांजवळ गेले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "चूक माझी होती, चाचा. फेरी तुमचीच." मग रुपालीकडे वळून म्हणाले, "वीस वर्षं शेळ्या पाळतोय, पण हे डोक्यात आलं नाही. शाबास, पोरी."

रविवारी गुफरानने फळी बसवून दिली. मुबीन दिवसभर त्याच्या हाताखाली खिळे देत होता. संशयाचं त्याने शेवटी सांगून टाकलं. गुफरान म्हणाला, "मला वाटलंच. दोन दिवस बघतोय, माझ्याकडे पोलिसासारखा बघत होतास."

सोमवारी पहिल्या फेरीला तिन्ही मुलं होडीत होती. पलीकडे पोचल्यावर बाकीची माणसं उतरून गेली. मुलं बसूनच राहिली. चाचा थोडं चालून गेले आणि थांबले.

"चला की. मी सांगितलं तर तिला वाटेल, म्हातारा रचून सांगतोय. तुम्हीच सांगा."

मुलं उतरली. गवतातली पायवाट चढून चौघं कबरीपाशी बसली.  मग शिवूनेच सुरुवात केली.

"दादी, तीन शेळ्या होत्या."

आणि चाचा हसले.