निरोपाचं शेपूट

"हे सॉफ्टवेअर लिहिणारा शहाणा बसतो कुठे?"

जिन्यात समोर उभा राहून तो मलाच विचारत होता. माझ्या दोन्ही हातांत चहाचे कप. त्याचे केस विस्कटलेले, डोळे तांबारलेले आणि शर्टाचं एक बटण भलत्याच काजात.

"काय काम आहे?"

"पूजा बांधायचीय त्याची! काल त्याच्या निरोपावरून मी अख्खी पाळी आभाळाच्या रिकाम्या तुकड्याकडे डोळे लावून बसलो. रिकाम्या! काजवासुद्धा नव्हता हो तिथे."

"शहाणा नाही... शहाणी," मी म्हटलं. "आणि यातला एक कप घ्या. पूजेआधी चहा तरी—"

तो असा काही गोरामोरा झाला, की मला हसू आवरेना. कप मात्र त्याने घेतला.

चूक माझीच होती. आमची एक दुर्बीण अवकाशात फिरते. कुठेतरी, कल्पनेपलीकडे लांब, एखादा अवाढव्य तारा कोसळतो आणि गॅमा किरणांचा एक लोळ उसळतो. क्षणभर लखलखाट, की संपलं. तो कधी येईल, कुठून येईल, कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून दुर्बिणीकडून येणारी सगळी माहिती माझं सॉफ्टवेअर आपोआप चाळतं. सूर्याच्या खोड्या बाजूला काढतं, भरकटलेले कण बाजूला काढतं, आणि खरा स्फोट सापडला की जमिनीवरच्या दुर्बिणींना निरोप धाडतं – अमुक ठिकाणी बघा, लवकर! कारण मागे उरलेली धग बघता बघता विझते.

तशीच एक दुर्बीण तो चालवायचा. ती पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला, डोंगरावर. आणि हा इथे, तळमजल्यावर, भर दुपारी पडदे ओढून तिथली रात्र बघत बसलेला.

आता सॉफ्टवेअरची परीक्षा घ्यायची म्हणून मी अधूनमधून खोटा स्फोट घालायची आणि निरोपाच्या शेवटी 'चाचणी' असं लिहायची. पण निरोप झटपट पोचावा म्हणून लांब निरोपांचं शेपूट छाटायलाही सॉफ्टवेअरला मीच शिकवलं होतं. त्याने इमानेइतबारे 'चाचणी'च छाटली!

आमचे प्रमुख भडकले. "यापुढे माझ्या परवानगीशिवाय दुर्बीण वळणार नाही. महिनाअखेर हाती काही लागलं नाही, तर हे आपोआप प्रकरण बंद. माणसं बसवू."

कॉलेज सुटल्यापासून मी दुसरं काही केलंच नव्हतं. त्या संध्याकाळी मी ताईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले.

मग तो रोज फोन करू लागला. निरोप आला, की खालून आवाज यायचा, "काय चाचणीबाई, चाचणी की खरं?"

"खरं, दुर्बीणवाले!"

मग मी सरांना शोधायला पळायची. सही होईपर्यंत तिकडे राख झालेली असायची. दोनदा हातातोंडाशी आलेला घास गेला. फोन मात्र वाढत गेले. सुटीच्या दिवशीसुद्धा... निरोप नसतानासुद्धा.

"फोन वाजला की तू आधी केस का गं सावरतेस?" ताईने विचारलं. "त्याला दिसतात होय?"

महिना संपत आला होता. एका दुपारी खिडकीवर पाऊस सळसळत होता आणि माझ्या पडद्यावर रेघ एकदम उसळली – सरळ उभी, सुळक्यासारखी. फोन वाजला.

"चाचणी की खरं?" त्याच्या आवाजात आज थट्टा नव्हती. "सर कुठेत?"

"बैठकीला बाहेर गेलेत. फोन बंद."

पलीकडून कळफलकाची खटखट ऐकू आली.

"विचारल्याशिवाय वळवली आणि काही निघालं नाही, तर तुमचं काम जाईल," मी म्हटलं. "माझं तर जाईलच."

"ठाऊक आहे. मला सर नकोत... तू सांग."

मी पुन्हा पाहिलं. सगळ्या नोंदी एकमुखाने तेच सांगत होत्या. सूर्य भलतीकडे होता. चाचणी मी घातली नव्हती.

"खरं," मी म्हटलं. "वळव!"

आणि जिना उतरत धावत सुटले.

त्याच्या खोलीत अंधार. पडद्यावर चांदण्या. शेजारी त्याच जागेचं जुनं चित्र. त्याने जुन्या चित्रावर बोट ठेवलं – रिकामं. मग नव्यावर... मोहरीएवढा एक ठिपका.

अंगावर सर्रकन काटा आला. कुणाच्याही गावी नसलेला एक तारा कधीकाळी मेला होता आणि त्याचा उजेड आत्ता आमच्यापर्यंत आला होता. पुढच्या चित्रात ठिपका मंद झाला. त्याच्या पुढच्यात आणखी. माझा हात त्याच्या हातात कधी गेला, कळलं नाही.

दार धाडकन उघडलं. सर! "कुणाला विचारून वळवलीत?"

"हिला विचारून," तो म्हणाला.

सरांनी तोंड उघडलं आणि त्यांची नजर पडद्यावर गेली. त्यांनी चष्मा वर सरकवला, स्टूल ओढलं आणि मुकाट्याने बसले. मग म्हणाले, "उद्यापासून मला विचारत बसू नका."

संध्याकाळी एका मोठ्या दुर्बिणीने अंतर मोजलं. तो उजेड निघाला तेव्हा आपला सूर्यही जन्मला नव्हता.

फाटकापाशी आम्ही दोघं ओल्या आभाळाकडे बघत उभे राहिलो.

"पृथ्वी नव्हती," तो पुटपुटला. "तू नव्हतीस, मी नव्हतो. आणि तरी तो आपण बघायच्या वेळेलाच पोचला..." तो थांबला. "मलाही एक सांगायचंय. पण लांबलचक आहे."

"थोडक्यात सांग."

"नको बाई! शेपूट छाटलं की काय होतं, ते मी भोगलंय."

मी हसले. तो हसला नाही.

"तू मला आवडतेस. त्या जिन्यातल्या चहापासून. मी दुर्बीण तुझ्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर नाही वळवली... तुझ्या भरवशावर वळवली."

मी त्याच्याकडे वळले. "चाचणी... की खरं?"

"खरं."

त्याच्या शर्टाचं बटण आजही भलत्याच काजात होतं. मी ते काढलं आणि सावकाश, नीट लावून दिलं.

"पोचला निरोप," मी म्हटलं. "अख्खा."