गुरुवारचे डॉक्टर

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध अडकली, आणि आत ती एकटीच होती.

दुसरं कुणी असतं तर वैतागलं असतं, घंटा दाबत बसलं असतं. तिची मात्र छाती धडधडायला लागली, श्वास वरच्या वर राहिला, आणि आता आपलं काही खरं नाही अशी तिची खात्रीच पटली. गंमत म्हणजे ह्याच दुखण्यासाठी ती चौथ्या मजल्यावरच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे निघाली होती.

"आत कोण आहे?" वरून आवाज आला.

"मी..."

"मी म्हणजे?"

"चष्म्याच्या दुकानातली."

"घाबरू नका हं. ही पडत नसते, नुसती रुसते. तिची समजूत काढायलाच मी असतो." वर लोखंडाचा खणखणाट झाला. "तोवर माझ्याशी बोलत राहा. दुकानात काय करता?"

"काचा घासते... फ्रेममध्ये बसवते. नंबर तपासते."

"मग माझा तपासा की."

"इथून?"

"मला लांबचं छान दिसतं. जवळचंच दिसत नाही."

ती चक्क हसली. हसता हसता श्वास खाली उतरला. लिफ्ट गचका देऊन वर सरकली, दार उघडलं — समोर ग्रीसने माखलेले हात फडक्याला पुसत एक उंच, सावळा माणूस उभा. तिच्याकडे बघून तो म्हणाला, "घ्या, जवळचंही दिसायला लागलं."

डॉक्टरांच्या दाराला कुलूप होतं. पाटी तेवढी जागच्या जागी.

"ते केव्हाच मोठ्या शहरात गेले," मेकॅनिक म्हणाला. "पाटी काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. तुम्हाला दाखवायचं होतं?"

"मला नाही... मैत्रिणीला."

त्याने तिच्याकडे एकदाच पाहिलं. "बरं. मैत्रिणीसाठी दुसरे शोधू या."

शोधायला तिला तरी दुसरं कोण होतं? आईवडील नव्हते. दादा जीव लावणारा, पण त्याचं पालुपद एकच — मन कशात तरी गुंतव. नेहमीच्या डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या देऊन विचार कमी करायला सांगितलं होतं. जणू विचार म्हणजे जेवणातलं मीठ. वहिनी काही बोलायची नाही, नुसती तिच्या ताटात अर्धवट राहिलेलं अन्न बघत राहायची.

शहरातल्या झाडून सगळ्या लिफ्ट मेकॅनिकच्या ओळखीच्या, त्यामुळे सगळ्या पाट्याही. तो कामावरून येता जाता चौकशी करायचा आणि दुकानात येऊन खबर द्यायचा. एक डॉक्टर फक्त लहान मुलांना तपासायचे. एकांनी नवीन पेशंट घेणंच बंद केलं होतं. एका ठिकाणी फोन उचलला तो रंगाच्या दुकानाने. येताना निमित्त म्हणून तो आपला गॉगल आणायचा.

"स्क्रू परत ढिला झाला," तो गंभीर चेहऱ्याने म्हणायचा.

"होईल नाही तर काय? तुम्हीच ढिला करून आणता."

"कळतं का हो लगेच?"

"स्क्रूवर ग्रीस असतं."

तो जीभ चावायचा, आणि ती मान खाली घालून स्क्रू पिळत राहायची... गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

मग एका दुपारी तो धापा टाकत आला. "सापडले! जुन्या हॉस्पिटलात. बाहेरगावचे डॉक्टर गुरुवारी येतात. एरवी मानसोपचाराच्या सिस्टर असतात, आधी त्याच सगळं विचारतात. मैत्रिणीचा नंबर लावून आलोय, पण..." तो अडखळला. "नाव तुमचं सांगितलं. चाललं ना?"

तिच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. "कधी ओळखलंत?"

"लिफ्टचं दार उघडायच्याही आधी. घाबरलेली माणसं मी खूप ऐकलीत. घाबरत घाबरत हसणारी एकच ऐकली."

तिला रडू आलं. त्याने हात पुढे केला, आणि तो बघा, ह्या वेळी अगदी स्वच्छ धुवून आलेला होता. साबणाचा वास येत होता त्याला.

गोळ्या सुरू झाल्या. आधी नुसती तोंडाला कोरड आणि डोळ्यांवर झापड. मग हळूहळू पायाखाली जमीन असल्यासारखी वाटायला लागली. दर गुरुवारी तो मोटरसायकलवर बाहेर थांबायचा, ती मागे बसायची, वाऱ्याने तिची ओढणी त्याच्या खांद्यावर यायची आणि ती काढून घ्यायला विसरायची. अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. एकदा काच घासताना आपण गुणगुणतोय हे तिच्या उशिरा ध्यानात आलं, आणि ती स्वतःशीच लाजली.

"आईला भेटायला येशील?" त्याने पुलावर गाडी थांबवून विचारलं.

"कशाला?"

"तिला चष्मा करायचाय."

"एवढंच?"

"आणि... सून करायचीय."

नदीवरचं ऊन तिच्या डोळ्यांत चमकलं. ती फक्त "हं" म्हणाली. पण काय "हं" होतं ते!

त्याची आई मोकळीढाकळी होती. तिने हिला शेजारी बसवून घेतलं, हाताला धरून घर दाखवलं, धाकट्या लेकीला हाक मारून चहा आणवला. मग सहज म्हणाली, "शेजारीण सांगत होती, गुरुवारी तू हॉस्पिटलात दिसतेस. त्या वेड्यांच्या डॉक्टरांच्या रांगेत. खरं का गं?"

ती उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच तो म्हणाला, "तिची एक मैत्रीण आजारी असते, आई. तिला घेऊन जाते ही."

किती सहज म्हणाला! तिच्या हातातला चहा तसाच निवत गेला.

"खोटं का बोललास?" बाहेर आल्यावर तिने विचारलं.

"तूही बोलली होतीस की."

"मी परक्या माणसाशी बोलले होते. भीतीने. तू तुझ्या घरात बोललास... माझ्यासमोर."

"धाकटीचं लग्न व्हायचंय गं. लोक काय वाट्टेल ते बोलतात." त्याने आवाज मऊ केला. "आणि आता तर तू बरी आहेस ना? गोळ्या कधी बंद होणार?"

तिने त्या बंद केल्या. सिस्टरांना न विचारता, कुणालाही न सांगता. त्याला खूश करायला.

काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी एका आजोबांचा नंबर तपासताना समोरची अक्षरं तिलाच दिसेनात. छातीत ढोल वाजायला लागला, हातातली काच पडून फुटली आणि ती काउंटरमागे फरशीवर मटकन बसली. वहिनी न्यायला आली. कधी काही न बोलणारी वहिनी रिक्षात तिचा हात घट्ट धरून म्हणाली, "सिस्टरांकडे मी येते तुझ्याबरोबर. बघू दे कुणाला बघायचंय ते."

दुकानातून कळल्यामुळे हॉस्पिटलच्या बाकावर तो आधीच येऊन बसला होता. वहिनी पाणी आणायच्या निमित्ताने दूर गेली.

"गोळ्या सोडल्या होत्या मी," ती म्हणाली. "आता परत घेतेय. फार दिवस घ्याव्या लागतील. कदाचित कायमच्या."

त्याने रांगेकडे बघून आवाज खाली आणला. "घे ना. मी कुठे नको म्हणतोय? फक्त आईला नको सांगूस. दुसऱ्या डबीत भरून ठेवू. मी घेईन सांभाळून."

"आणि गुरुवारचं?"

"काहीतरी सांगू."

"दर गुरुवारी? जन्मभर?"

"असं काय करतेस?" त्याचे डोळे भरून आले. "तुझ्यासाठी सगळं शहर पालथं घातलं मी."

"घातलंस. तू नसतास तर मी त्या कुलपासमोरून परत गेले असते. हे मी कधीच विसरणार नाही. पण डॉक्टर शोधताना तुला लाज वाटत नव्हती रे... सापडल्यावर वाटायला लागली."

"तुझी नाही वाटत."

"मग कुणाची?"

आतून पुढचा नंबर पुकारला. ती उठली. तोही उठला, त्याचा हात तिच्या हातापर्यंत आला आणि रांगेतल्या माणसांकडे नजर जाताच परत खिशात गेला.

"बाहेर थांबू?" त्याने हळूच विचारलं.

हो म्हणावंसं तिला इतकं वाटलं, की ओठ दातांत धरावा लागला.

"नको," ती म्हणाली.

जिन्यावरून त्याची पावलं उतरत गेली. मग खाली मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला, आणि तो आवाज पार विरेपर्यंत ती दारातच उभी राहिली.

पुढच्या गुरुवारी सिस्टरांनी नेहमीचे प्रश्न विचारले.

"झोप?"

"लागते."

"धडधड?"

"कमी आहे."

"रडू येतं?"

"येतं. खूप येतं."

सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. "गोळी वाढवायची का ते डॉक्टरांना विचारू?"

"नको, सिस्टर," ती म्हणाली. "आधी उगाच यायचं. ह्या वेळी कारण आहे."

सिस्टर उठल्या, दार नुसतं लोटलेलं होतं ते नीट लावून घेतलं, आणि खुर्ची तिच्याजवळ ओढून बसल्या.

"मग रड," त्या म्हणाल्या. "बाहेरचे थांबतील."